आमेनपर्यंत

पाळकबाईंनी वेदीवरचे पांढरे कापड पुठ्ठ्याच्या नळीवरून सोडवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. उपासनेला अजून पाव तास होता. बाजूच्या खोलीत फुलदाण्या पुसणाऱ्या बायका हातातले काम टाकून जवळ आल्या. कापडाच्या मधोमध, विणलेल्या क्रुसाच्या जरा खाली, तपकिरी डाग होता. होडीसारखा, टोकाला निमुळता.

"इस्त्रीचा आहे हा," पाळकबाई म्हणाल्या. "कापड कुणाकडे होतं?"

सगळ्यांना ठाऊक होते. तरी कुणीतरी बोलावे म्हणून सगळ्या थांबल्या.

"आमच्याकडेच," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आमच्या सूनबाईंकडे. सव्वीस वर्षं मी केलं, सुरकुतीसुद्धा दिसली नाही कुणाला. आता काय, लॉन्ड्रीतली माणसं. दिवसाला दोनशे शर्ट हाणायचे, त्यातलाच हा एक."

मागून कुणीतरी खुदकन हसले.

सून हातात फुलदाणी धरून मागेच उभी होती. शनिवारी दुपारी नळीवर गुंडाळताना कापड स्वच्छ होते, हे तिला पक्के ठाऊक होते. इथे ते कुणाला पटणार नाही, हेही तितकेच ठाऊक होते.

"डाग निघतो का बघ," पाळकबाईंनी कापड तिच्या हातात दिले. आवाज मऊ होता, नजर कठोर. "पुढच्या रविवारी सगळ्या बसू आणि ठरवू, हे काम तुझ्याकडे ठेवायचं का ते."

वर्षभरापूर्वी, 'आता तुम्ही आराम करा' असे म्हणून पाळकबाईंनी हे काम सासूबाईंकडून काढून तिला दिले, तेव्हापासून शनिवारची दुपार तिची झाली होती. नवरा गॅरेजात असायचा, सासूबाई झोपलेल्या असायच्या, ऊन थेट टेबलावर उतरायचे. ओलसर कापडावरून इस्त्री फिरली की गरम, स्वच्छ वास सुटायचा. ती गाण्याचे एक कडवे गुणगुणायची आणि तेवढ्यात हातभर कापड पुढे सरकायचे. लॉन्ड्रीतही तिला सकाळची पहिली वाफ आवडायची, हाताखाली ताठ होणाऱ्या कॉलरी आवडायच्या. पण ते कपडे परक्यांचे. हे कापड रविवारी वेदीवर पसरले की ती तिसऱ्या बाकावरून त्याच्या कडा बघत बसायची, आणि प्रवचनातले निम्मे तिच्या कानाशेजारून निघून जायचे.

सासूबाईंनी तिला त्या कामाबद्दल क्षमा केलेली नव्हती. त्यांची रीत तीन घड्यांची, चुण्या सुरीसारख्या. सुनेने लॉन्ड्रीत शिकल्याप्रमाणे कापड नळीवर गुंडाळायला घेतले, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "देवाचं कापड आहे ते, सतरंजी नव्हे."

सोमवारी ती कापड लॉन्ड्रीत घेऊन गेली. शेजारच्या टेबलावरची बाई इतक्या मोठ्याने बोलायची की मालकासकट सगळे तिला तोफ म्हणत. तोफेने डागावर बोट फिरवले.

"तुझी घरची इस्त्री वाफेची ना गं?"

"हो."

"मग तिच्या तळाची भोकं कुठं गेली? वाफेच्या इस्त्रीनं जळलं की भोकांच्या जागा पांढऱ्या राहतात, चाळणीसारख्या. हा तर सपाट डाग. आणि हे टोक बघ, उंदरानं कुरतडल्यासारखं."

तिने पाहिले. टोकाला खाच पडलेली एक जड, जुनी इस्त्री तिच्या घरात होती; सासूबाईंच्या पलंगाखाली, फडक्यात बांधलेली. मग तिला तेही दिसले जे चर्चमध्ये भांबावलेल्या डोळ्यांना दिसले नव्हते. कापडावर दोन सरळ चुण्या होत्या. गुंडाळलेल्या कापडाला चुण्या येतील कुठून? कुणीतरी तिच्या नकळत नळीवरचे कापड सोडवले होते, तीन घड्या घालून इस्त्री मारली होती आणि गुपचूप पुन्हा गुंडाळून ठेवले होते.

"सासू?" तोफ प्रथमच हळू बोलली.

तिने कापड पिशवीत कोंबले. डाग निघणार नव्हता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "मी तुम्हा दोघींच्या मध्ये आलो की दोन्हीकडून भाजतो. मला जेवू दे."

एरवी तिला हसू आले असते.

लग्नाच्या आधीपासून तिचा एक नेम होता. सकाळी उठून तोंड धुतले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून प्रार्थना करायची, आणि मोठ्याने 'आमेन' म्हणेपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचे नाही. घराला आग लागली तरी नाही, असे ती माहेरी चेष्टेत म्हणायची. सासूबाईंना हा नेम म्हणजे मोठी सोय होती. दिवसभराचे टोमणे त्या याच वेळी उरकून घेत.

"झालं का सुरू? देवाशी गप्पा. आमच्याशी बोलायला तोंड झिजतं." हे मंगळवारी.

"देवाला सांग, माझ्या सासूला उचल. तो ऐकायचा नाही म्हणावं, त्यालाही माझा धाक आहे." हे बुधवारी.

गुरुवारी फक्त, "डाग निघाला का गं?"

ती डोळे मिटून उभी राहायची, खिडकीच्या कठड्यावरची बोटे पांढरी पडायची. प्रार्थनेत शब्द यायचेच नाहीत. रविवारी काय बोलायचे तेवढेच यायचे. शुक्रवारी सासूबाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना गुंडाळलेली चिंधी बदललेली दिसली. गेल्या शनिवारी नवऱ्याने विचारले तेव्हा 'सुरी लागली' म्हणाल्या होत्या. तिने तेव्हाही विचारले नव्हते, आताही विचारले नाही.

शनिवारी सासूबाई शेजारणीकडे गेल्या तशी ती पलंगाखाली वाकली. जुनी इस्त्री काढली, कापडासोबत पिशवीत घातली आणि पिशवी दाराशी ठेवली. उद्या बायका जमल्या की आता काही बोलायची गरजच नव्हती. डागावर इस्त्री ठेवायची, खाच खाचेला लावायची आणि बाजूला व्हायचे.

रविवारी सकाळी ती खिडकीशी उभी होती. मागे चपला वाजल्या आणि दाराशी थांबल्या. पिशवीचा बंद सुटला. लोखंड टेबलावर टेकल्याचा जड आवाज आला.

आता सुरू होईल, असे वाटून तिने खांदे आवळले.



"नेत होतीस तर," सासूबाई म्हणाल्या. "ने. तुझ्या जागी मी असते तर आदल्याच रविवारी नेली असती. तू मुळातच मंद."

नळाचा एक थेंब पडला.

"मला फक्त एकदा हात फिरवायचा होता त्याच्यावरून. घड्या घालून बघायच्या होत्या." आवाजात टोमण्याची धार शोधूनही सापडत नव्हती. "ही दोन बोटं आहेत ना, हिवाळ्यापासून त्यांना काही कळत नाही. गरम नाही, गार नाही. इस्त्री कापडावर टेकून राहिली आणि बोटं तिला टेकून राहिली. वास आला तेव्हा समजलं. आधी वाटलं कापडच जळतंय नुसतं."

टेबलावर इस्त्री जराशी सरकल्याचा आवाज आला.

"पोराला सांगितलं तर डॉक्टरकडे नेईल. डॉक्टर म्हणेल, यांना शेगडीजवळ जाऊ देऊ नका. मग मी या घरात काय करायचं? तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं? एवढं काही ते बघण्यासारखं नाही. आत्ता सांगतेय, कारण तुला बोलता येत नाही. नंतर विचारलंस तर साफ नाही म्हणेन. खोटारडी ठरवीन तुला, चारचौघांत."

तिची प्रार्थना केव्हाच संपली होती. पिशवीचा बंद सुटला तेव्हाच. 'आमेन' जिभेच्या टोकावर होता. तो एक शब्द उच्चारला की सहा दिवस जमवलेले सगळे बोलायला ती मोकळी होती. एकेक वाक्य तयार होते, इस्त्री करून ठेवल्यासारखे.

लांबून चर्चची पहिली घंटा ऐकू आली. एरवी पहिल्या घंटेला ती कापड घेऊन बाजूच्या खोलीत पोहोचलेली असायची.

"संपली की नाही गं तुझी प्रार्थना?" सासूबाईंनी विचारले. "आज फारच पिडतेयस देवाला."

तिने डोळे आणखी घट्ट मिटले. प्रार्थना अजून चालूच असल्यासारखे ओठ हलवले. ओठांमागे एकही शब्द नव्हता.

सासूबाईंनी खुर्ची ओढली. खिडकीशी, तिच्या अगदी जवळ.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ऐक."