उजवीकडून बांधलेला प्रबंध

मी कागद कापणारा एक जुना कटर आहे. हाताने चाक फिरवून कागदावर दाब आणायचा आणि दांडा ओढून पातं सोडायचं, अशी माझी रीत. विजेवर चालणाऱ्या नव्या कटरांना मी नाकं मुरडतो. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीच वाटते.

माझे मालक मुश्ताकभाई टेमघरला पुस्तकबांधणीचं दुकान चालवतात. त्यांच्या वडिलांनी मला भिवंडीला आणलं. उर्दू शाळांची पुस्तकं, लूमवाल्यांची बिलबुकं, लग्नपत्रिका, सगळं मी कापलं. लोक माझ्या धारेचं कौतुक करायचे. आता बिलं मोबाइलवर निघतात आणि माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवले जातात.

गेल्या महिन्यात जवळच्या वडपे गावची जागृती तिचा पीएच.डी.चा प्रबंध बांधायला घेऊन आली. गोदामांत राबणाऱ्या बायकांवर तिने तो लिहिला होता. विद्यापीठात जमा करायचा तो शेवटचा दिवस. मुदतवाढ आधीच वापरून झालेली. पाचपर्यंत प्रबंध पोहोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात!

मुश्ताकभाईंनी घाईघाईने पानं जुळवली, सरस लावला, गठ्ठा दाबून पंख्याखाली वाळवला. जागृतीने तो हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. प्रबंध उजवीकडून बांधला होता. आयुष्यभर उजवीकडून उघडणारी उर्दू पुस्तकं बांधलेला हात घाईत सवयीनेच चालला होता.

"या अल्ला, ये क्या कर बैठा मैं!" मुश्ताकभाई मटकन खाली बसले.

"भाई, सरांची सही उजव्या कडेलाच आहे," जागृती कशीबशी म्हणाली.

तिच्या मार्गदर्शकांनी प्रमाणपत्रावर सही केली होती आणि त्याच सकाळी ते मुलाकडे परदेशी निघून गेले होते. सहीचं लांब शेपूट सरसाला जवळजवळ भिडलं होतं. सरसाची कड छाटून प्रबंध डावीकडून पुन्हा बांधायचा, एवढाच मार्ग उरला. केसभर जास्त कापलं तर सही गेली.

जागृतीचे वडील महादू मोटारसायकल घेऊन दाराशी उभे होते. "पोरी, वाटेत कशेळीच्या पुलावर लय गाड्या लागल्यात. आता न्हाय निघालो तं पोचायचं न्हाय."

मुश्ताकभाईंनी पेले उचलले, माझ्या पात्याला धार लावली. पण चाकाला हात घालायला ते कचरत होते.

"मी चाक धरते, भाई. दांडा तुम्ही ओढा," जागृती म्हणाली.

तिने चाक घट्ट आवळलं. मुश्ताकभाईंनी कड दोनदा पाहिली, बिस्मिल्ला म्हटलं आणि दांडा ओढला. पातं माझं होतं, पण जीव सगळ्यांचाच टांगणीला लागला होता. सरसाची पट्टी खाली पडली. पान उघडायला कुणी धजेना.

"सायबांची सही हाय ना गं?" शेवटी महादूंनीच विचारलं.

जागृतीने प्रमाणपत्र वर काढलं. "हाय, बाबा! शेपटासकट हाय!" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

प्रबंध डावीकडून बांधून बापलेक सुसाट निघाले. मुश्ताकभाई मात्र फोन समोर ठेवून बसले. आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी परत पाठवलं. पाच वाजत आले आणि फोन वाजला.

"घेतला, भाई! पोच मिळाली!"

मुश्ताकभाई माझ्यापाशी आले, रुमालाने पातं पुसलं आणि हळूच म्हणाले, "इज्जत रख ली तूने." इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना अधूनमधून तेल द्या, पात्यांना धार ठेवा. कौतुक नाही केलंत तरी चालेल. पण कुणाचं तरी सगळं काही आमच्या एका घावावर येऊन ठेपतं. त्या दिवशी आम्ही बोथट निघालो, तर त्याची माफी मागायला आम्हांला तोंडही नसतं.