दुसऱ्या घंटेची जागा

"वाजवायच्या म्हणजे वाजवायच्या," रॉय डाऊस म्हणाला आणि त्याने गावाच्या हॉलमधल्या टेबलावर मूठ आपटली. टेबल एका पायाने अधू होतं, त्यामुळे बिस्किटांची ताटली पेलबाईंच्या मांडीवर गेली.

पेलबाईंनी एकेक बिस्कीट उचलून परत ताटलीत मांडलं. चौतीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलेली बाई. अख्ख्या होल्मफ्लीट गावात एका माणसालाही फ्रेंच बोलताना मी ऐकलेलं नाही, पण बाईंचा धीर सुटला नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, "युरोपातून बाहेर पडलो म्हणून चर्चच्या घंटा. उद्या घर जळलं तर केक वाटाल, रॉय."

"घर माझंच आहे ना? मग मी केक वाटीन नाही तर जेली."

"घर सगळ्यांचं आहे. तुमच्याकडे फक्त काडेपेटी आहे."

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने त्यांची सरळ फाळणी झाली होती. डावीकडे बाहेरवाले, उजवीकडे आतवाले. नवराबायको दारापर्यंत एकत्र यायचे आणि आत शिरल्यावर वेगळे व्हायचे. शुक्रवारी रात्री अकरा वाजता देश युरोपीय संघातून अधिकृतपणे बाहेर पडणार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी आम्ही भांडत होतो ते घंटांवरून. मतदान झाल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत बाकी सगळ्यावरून भांडून झालं होतं. मासे, पासपोर्टचा रंग, लोणच्याच्या बाटलीचा आकार. केळी किती वाकडी असावीत ह्यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, आणि दोघांनाही केळं पचत नाही.

मी कोणत्या बाजूचा, ते मी कधी सांगितलं नाही. डाऊसला मी बाहेरवाला वाटायचो, कारण पबमध्ये पहिला ग्लास तो पाजायचा. पेलबाईंना मी आतवाला वाटायचो, कारण त्यांच्याकडे आल्याचा केक असायचा. त्या संध्याकाळी मी चहाच्या भांड्यापाशी उभा राहिलो होतो, म्हणजे मधल्या वाटेच्या बरोबर टोकाला.

माझ्याशेजारी दानुते कप विसळत होती. लिथुएनियाची. आठ वर्षांपूर्वी डाऊसच्या शेतात कोबी कापायला आली. रविवार हा एकच दिवस झोपायला मिळायचा आणि नेमक्या तेव्हा घंटा वाजायच्या, म्हणून एकदा तणतणत चर्चच्या मनोऱ्याच्या साठ पायऱ्या चढून भांडायला वर आली. घंटा सांभाळणाऱ्या विल्फ ग्रमिटने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातात दुसऱ्या घंटेचा दोर दिला. तेव्हापासून ती दोन नंबरला.

लोक तावातावाने बोलत होते, चहा थंड होत होता. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "काय दानुते, मग? कधी निघणार?"

दोन्हीकडचे लोक हसले. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या असं त्या साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच झालं. मला आनंद झाला. दानुतेही हसली आणि तिने पुढचा कप घेतला.

मग कोणीतरी म्हणालं, विल्फला विचारा. मनोरा त्याचा.

विल्फ नुकताच येऊन मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. पंचाहत्तरीला आलेला, आणि बोलण्याच्या बाबतीत असा कंजूष की लग्नातला होकार त्याने मान हलवून दिला आणि पाद्र्याने तो चालवून घेतला. त्याने चाळीस वर्षं ड्रेनेजचा पंप सांभाळला. आमची जमीन समुद्रापेक्षा दोन हात खाली, आणि इतकी सपाट की पाहुणा दिसला की यजमानीण बटाटे सोलायला घेते, आणि तो दारात पोचेपर्यंत ते शिजलेले असतात. पंप बंद पडला तर पाहुणा पोहत येईल. पंप हॉलंडचा होता, त्याचं तेल जर्मन, आणि विल्फ शेजारच्या गावचा, म्हणजे आमच्या मते तोही परदेशीच. कोणाला आत ठेवावं आणि कशाला बाहेर, ह्यावर बोलायचा अधिकार गावात कोणाला असेल तर त्याला होता. तो कधी बोलला नाही.

"विल्फ," डाऊस म्हणाला, "तू सांग. वाजणार की नाही?"

"सहा दोर आहेत," विल्फ म्हणाला. "सहाजण आले तर वाजतील. शनिवारी दुपारी बारा."

"कशासाठी पण?" पेलबाईंनी विचारलं. "आनंदासाठी की दुःखासाठी?"

"बारासाठी," विल्फ म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

आता दोरांची गोष्ट. पहिल्या दोराला डाऊसची बायको ग्लेंडा. दुसऱ्याला दानुते, तिसऱ्याला मी. चौथ्याला पेलबाई, पाचव्याला डाऊस आणि सहाव्या मोठ्या घंटेला विल्फ. प्रत्येकाने आपल्या आधीच्याचा दोर डोळ्यांनी धरायचा; तो खाली आला की आपला ओढायचा. म्हणजे मी आठ वर्षं दानुतेच्या हाताकडे पाहत घंटा वाजवली. तिची वेळ कधी चुकली नाही. मोठी घंटा गाभण गाईइतकी जड. एका नव्या पाद्र्याने ती एकदा ओढली आणि दोर सोडायला विसरला. तो छताला जाऊन खाली आला, पण त्याची टोपी अजून वरच्या तुळईवर आहे. मी पाहिली आहे, म्हणजे पाहिलेल्या माणसाला पाहिलं आहे.

विल्फचा उजवा खांदा गेला होता. ईस्टरनंतर दोर धरायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. मनोऱ्याची वीतभर लांब लोखंडी किल्ली कोणाकडे जाणार हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सहाजणांत ताल कळणारी एकच होती. विल्फला दुसरी कसली हौस नव्हती, मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मनोरा गप्प पडू नये, आणि त्यासाठी दानुतेने किल्ली घ्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

आणि मनोरा नोव्हेंबरपासून गप्पच होता. युद्धात गेलेल्यांसाठी अकरा तारखेनंतरच्या... नाही, त्या वर्षी दहालाच रविवार होता, त्या रविवारी आम्ही शेवटचं वाजवलं. त्या दिवशी घंटेतल्या लोखंडी लोलकाच्या एका बाजूला चामडी टोपी बांधतात. घंटा एकदा इकडून पूर्ण फिरते, एकदा तिकडून. त्यामुळे एक फेरी खणखणीत वाजते आणि पुढची दबलेली, दोन मैलांवरून आल्यासारखी. आमच्याकडे शोकाची ही रीत. त्यानंतर निवडणुका लागल्या, डाऊस आणि पेलबाई जिन्यातच एकमेकांना काहीतरी बोलले, आणि सहाजण पुन्हा एका खोलीत आले नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी चष्मा शोधायला मनोऱ्यावर निघालो. चाळिसाव्या पायरीवर गुडघ्यांनी विश्रांती मागितली म्हणून बसलो. वरच्या खोलीतून आवाज येत होते.

"रविवारी सकाळी आठची बस आहे, मिस्टर ग्रमिट," दानुते म्हणत होती. "सगळं सामान दोन बॅगांत बसलं."

विल्फची खुर्ची करकरली. मग, "सरकारी पत्र आलं का काही?"

"नाही. राहायचा परवाना आहे. फोनमध्ये आहे, दाखवू?"

"नको. मग?"

"हाकललं नाही कोणी. पण दुकानात, बसमध्ये, काल हॉलमध्ये. मग, कधी निघणार? हवापाणी विचारतात तसं विचारतात. साडेतीन वर्षं हसून वेळ मारून नेतेय. आता वाटतं, एकदा तारीख सांगून टाकावी."

"काल कोण म्हणालं?"

"नाव कशाला? चांगला माणूस आहे. गंमत म्हणून म्हणाला."

टेबलावर लोखंड ठेवल्याचा आवाज झाला. किल्ली असणार.

"ही तुझ्यासाठी ठेवली होती पोरी," विल्फ म्हणाला. "ईस्टरला द्यायची होती."

"मला माहीत आहे."

मग लोखंड लाकडावरून सरकल्याचा आवाज आला. कोणत्या दिशेला सरकलं ते पायरीवरून दिसत नव्हतं, पण कळलं.

मी एक पायरी खाली उतरलो. मग आणखी एक. चष्मा माझ्या खिशातच होता.

शनिवारी पावणेबाराला आम्ही सहाजण दोरांच्या खोलीत उभे होतो. डाऊसने युनियन जॅकचा टाय लावला होता. पेलबाई आजीच्या अंत्यविधीचा काळा कोट घालून आल्या होत्या. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते, आणि वर्तुळात उभं राहून पाठ करणं सोपं नसतं. खाली चर्चच्या आवारात एका बाजूला झेंडे, दुसऱ्या बाजूला मेणबत्त्या, मधे गावचा पोलीस कॉर्निश पेस्टी खात उभा. दानुतेने बाह्या दुमडल्या, नेहमीसारख्या दोन घड्या.

"तयार?" विल्फने विचारलं. मग ग्लेंडाने पहिल्या घंटेची नेहमीची हाळी दिली, "ही निघाली," आणि तिने दोर ओढला.

पहिली फेरी खणखणीत गेली. एकापासून सहापर्यंत, जिन्यावरून धावत उतरल्यासारखी. खाली जल्लोष झाला. डाऊसची छाती दोन इंच फुगली.

दुसरी फेरी आली ती दबलेली. लांबून, बांधापलीकडून, पाण्याखालून आल्यासारखी. खालचा जल्लोष अर्ध्यात थांबला. डाऊसने मान वळवून विल्फकडे पाहिलं, पण दोर हातात असताना माणसाला भांडता येत नाही. हातावरून लक्ष हटलं तर पाद्र्याच्या टोपीशेजारी जावं लागतं. तिसरी फेरी पुन्हा खणखणीत. चौथी दबलेली. असं वीस मिनिटं चाललं. मी दानुतेच्या हाताकडे पाहत होतो. ती कोणाकडे पाहत नव्हती, डोळे मिटून वाजवत होती, आणि तरी एकदाही चुकली नाही.

थांबल्यावर डाऊस म्हणाला, "हे काय केलंस रे विल्फ?"

"नोव्हेंबरच्या टोप्या काढायच्या राहिल्या," विल्फ म्हणाला. "म्हातारा झालो."

"राहिल्या?"

"राहिल्या."

डाऊसने विचार केला. खाली त्याच्या लोकांनी खणखणीत फेऱ्या मोजल्या होत्या आणि ते पबकडे निघाले होते, जिंकल्यासारखे. पेलबाईंच्या लोकांनी दबलेल्या फेऱ्या ऐकून मेणबत्त्या वर धरल्या होत्या, आणि काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई विल्फजवळ आल्या, त्याचा चांगला खांदा धरून म्हणाल्या, "समजलं मला," आणि गेल्या. जाताना डाऊससाठी त्यांनी दार धरलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

आजही गावात ती गोष्ट सांगतात. विल्फ ग्रमिटच्या विसरभोळेपणाने होल्मफ्लीट कसं वाचलं. बाहेरवाले म्हणतात, वाजवल्या आपल्यासाठी आणि झाकल्या त्यांच्यासाठी. आतवाले उलट सांगतात. मीही सांगतो, आणि सांगताना खाली हजार माणसं उभी करतो.

पण टोप्या राहिल्या नव्हत्या. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी दुपारी मी स्वतः वर चढून सहाच्या सहा काढल्या होत्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या होत्या. सगळे उतरून गेल्यावर मी कपाट उघडलं. डबा रिकामा होता.

"विल्फ," मी म्हणालो, "टोप्या मी काढल्या होत्या."

"माहीत आहे."

म्हणजे खराब खांद्याने तो एकटा शिडी चढून गेला होता आणि गाभण गाईइतक्या घंटेखाली पाठीवर पडून गाठी मारून आला होता.

"कोणत्या बाजूसाठी मग?"

विल्फने दानुतेच्या दोराची गुंडाळी केली आणि ती आकड्याला लावली. "बाजू कसली," तो म्हणाला. "दोन नंबर चालली."

रविवारी साडेनऊच्या प्रार्थनेआधी आम्ही पाचजण वर जमलो. ग्लेंडा म्हणाली, मी दोनला सरकते, पाच घंटांवर भागवू. आसपासच्या गावांत तसंच करतात. डाऊस म्हणाला, बरोबर आहे. पेलबाई म्हणाल्या, मलाही तेच वाटतं. दोघांचं एकमत झालं हे बहुधा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

विल्फने आकड्याला लावलेला दुसरा दोर पुन्हा सोडला आणि वर्तुळात त्याच्या जागी मोकळा लोंबता ठेवला.

"कोणी सरकायचं नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पर्सी, तिच्या मागे तू. जागा सोडायची."

हॉलमध्ये तसं कोण म्हणालं होतं, हे त्याने मला तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. पुढे तो दोर धरेनासा झाला, मोठी घंटा डाऊसच्या पुतण्याने घेतली. किल्ली विल्फच्याच कोटात आहे. रविवारी तो पायऱ्या चढून येतो, दार उघडतो आणि खिडकीखालच्या बाकावर बसून ऐकतो. खाली नव्याने राहायला आलेले लोक म्हणतात, ह्यांची एक घंटा बिघडलेली दिसते, कोणी दुरुस्त का करत नाही.

ग्लेंडा ओढते. मी दुसऱ्या दोराकडे पाहतो. तो हलत नाही. एरवी तो खाली यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबतो, आणि मग माझा ओढतो.