एकाच बाटलीतलं औषध

१९३८ साली आमच्या घरात इन्सुलिनची एक बाटली असे आणि ते टोचून घेणारे दोघे होते. एक माझे सासरे मुकुंदराव, दुसरा त्यांचा बोका रंगा.

बाटली मद्रासहून येई. माझे यजमान तिथे नोकरीला होते. कुंभकोणमला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ते ती बर्फ घातलेल्या थर्मासमधून पाठवत, आणि इथे आली की मी ती पाण्याच्या माठाखाली ओल्या वाळूत ठेवत असे.

मामंजींनी आधी सुईला साफ नकार दिला होता. त्याच सुमारास रंगा दिवसभर पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळू लागला, आणि तो गोठ्याच्या ज्या कोपऱ्यात बसे तिथे मुंग्यांची रांग दिसू लागली. मी एका पसरट भांड्यात कावेरीतले गोटे धुऊन ठेवले आणि त्याला तिथे जायची सवय लावली. गोट्यांखाली जमलेलं मूत्र साखर तपासायच्या निळ्या द्रावणात घालून तापवलं, तर द्रावण विटेसारखं लाल झालं. मामंजींचंही तसंच होई.

डॉक्टर कृष्णमूर्ती हसले. मग म्हणाले, "मांजराचं पुस्तक माझ्याकडे नाही, अम्मा. पण थेंबभर देऊन पाहा."

रंगानं मानेच्या कातडीत सुई घेतली आणि डोळेसुद्धा मिटले नाहीत. मामंजी ओसरीवरून पाहत होते. ते म्हणाले, "हा काही बोलत नाही, आणि मी म्हातारा आरडतो होय? दे, अंबुजा, मलाही दे." त्यांनी बाही वर केली. तेव्हापासून रोज सकाळी आधी रंगा आणि मग मामंजी, असा क्रम ठरला. तो क्रम मोडला असता तर मामंजींनी सुई घेतली नसती, हे मला पुरतं ठाऊक होतं.

मामंजी सुधारले. रंगाचं मात्र काही जमेना. काही दिवस द्रावण हिरवट राही, म्हणजे ठीक. मग एखाद्या दिवशी ते नितळ निळं, साखरेचा मागमूस नाही, आणि लगेच दुसऱ्या दिवशी लालभडक. मी औषध कमी केलं, वाढवलं, बाटली बदलली, सुई जास्त वेळ उकळली. उष्म्यानं औषध बिघडत असेल म्हणून वाळू दोनदा भिजवू लागले. खाण्याचा प्रश्न नव्हता. दहीभाताचं माप मी ठरवून दिलं होतं आणि ते घालण्याचं काम आत्याबाईंकडे होतं. त्यांच्या हातून माप चुकणं शक्य नव्हतं.

भागीरथी आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या, त्या या घरातच राहिल्या. मला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला बोलावणं आलं तेव्हा घरात सगळे गप्प होते. आत्याबाई एकट्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. शिकलेलं काय उतरंडीत घालून ठेवायचंय? चूल मी बघते." एकादशीलाही त्यांनी मला सूट दिली. दिवसभर उभं राहून बोलायचं तर पोटात काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः पाणीही घेत नसत. त्या दिवशी पहाटे अंघोळ करत, मी शाळेला निघाले की गोविंदपुरम्‌ला भजनाला जात आणि दुपार टळल्यावर परतत.

एकदा मी वर्गात फळ्यावर आकृती काढत होते, आणि मुली एकदम हसू लागल्या. वळून पाहिलं तर दारात मामंजी उभे होते, अनवाणी, घामानं भिजलेले. उपरण्याच्या झोळीत रंगा होता.

"पडला," ते म्हणाले. "उठत नाही."

रंगाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, हनुवटी थरथरत होती आणि मागचे पाय लुळे होते. रक्तातली साखर फार उतरली होती. मी कपाटातल्या ग्लुकोजच्या बाटलीतली चिमूट पाण्यात कालवून त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. मुली बाकांवरून उठून भोवती जमल्या होत्या आणि आता कोणीच हसत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं माझं बोट चाटलं.

घरी आल्यावर मामंजींनी बाही खाली ओढली ती ओढलीच.

"मामंजी, त्याचं माप चुकतंय. तुमचं नाही."

"बाटली एकच ना?"

"हो."

"मग आज तो पडला, उद्या मी पडेन. मला कोण झोळीत घालून नेणार? तू?"

डॉक्टर येऊन समजावून गेले, बाहेर मला हळूच म्हणाले, "औषध थांबलं तर महिना-दीड महिन्यात अंथरूण धरतील. मांजराला सांभाळा, अम्मा. ते जगलं तर हे ऐकतील." मामंजी सुईशिवाय राहू लागले. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी आला. मी रंगाला टोचत होते आणि मामंजी तिकडे पाठ करून बसत.

रंगाचे दिवस पुन्हा बरे जाऊ लागले. हिरवट, हिरवट, हिरवट. मला वाटू लागलं, की आता सापडलं माप. असं याआधीही वाटलं होतं.

मग एका सकाळी शाळेला सुट्टी होती. मी रंगाला टोचलं आणि एरवी शाळेसाठी निघते त्या वेळी मागल्या दारी गेले. विहिरीच्या कट्ट्यावर रंगाचं दगडी पात्र धुऊन पालथं घातलेलं होतं. रंगा त्याच्याशेजारी बसून ओठ चाटत होता. आत्याबाई गोविंदपुरम्‌ला निघायच्या तयारीत टाळ फडक्यात बांधत होत्या.

"आत्याबाई, रंगा इतक्या लवकर जेवला?"

"आज कसा जेवेल? पळीभर दूध प्यायलाय. एकादशी ना."

मी पालथं पात्र उलटून पाहिलं.

"रंगाला एकादशी?"

"तर काय," त्या गाठ आवळत म्हणाल्या. "डॉक्टरनं मुकुंदाचा उपास मोडला. चाळीस वर्षांचं व्रत त्याचं. आजाऱ्याच्या जागी दुसऱ्यानं केलं तर चालतं, शास्त्र आहे. मी करते ते माझं. तुला शाळा. मग राहिलं कोण? दोघं एका बाटलीतलं औषध घेतात, म्हटलं रंगाच करील. करतो हो गुणी. उद्या पारण्याला त्याला तूप-गूळ घालून भात देते, मोठा वाढून."

मला सगळं एकदम दिसलं. निळं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लाल, दर पंधरवड्याला. मी शाळेचे वार आणि इंग्रजी तारखा धरून विचार करत होते. घरात एकादशी असते हे काय मला ठाऊक नव्हतं? त्या दिवशी तांदूळ वर्ज्य, म्हणून मी मामंजींना रव्याचा उपमा करून देत असे. पण बोक्याला तिथी असेल हे मनात आलं नव्हतं. शाळेत झोळी आली त्या दिवशीसुद्धा डब्यात मी उपमाच नेला होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ते औषध साखर खाली ओढतं. पोटात अन्न असेल तर ते अन्नाला लागतं. नसेल तर रक्तातलीच ओढतं. आज मी त्याला टोचलंय."

त्यांनी टाळ खाली ठेवले. "म्हणजे तो पडला तो..."

"हो."

त्यांनी विचारलं नाही की मी आधी का सांगितलं नाही. रंगाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. बाहेरून गाडीवाल्याची हाक आली. "जा रे तू," असं त्या तमिळमध्ये ओरडल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

"तुम्ही राहू द्या, मी भात टाकते," मी म्हणाले. आत्याबाईंच्या चुलीवर एकादशीला कधी तांदूळ चढला नव्हता.

"तू गूळपाणी चोळ त्याला. भात मी टाकते. मांजर उपाशी मेलं तर कसली एकादशी आणि कुणाची."

गूळपाण्यानं रंगाचा थरकाप सुरू व्हायच्या आधीच टळला. भात मऊ झाला तसा आत्याबाईंनी तो परातीत पसरून पंख्यानं निववला, दही कालवलं आणि माझं माप मला दाखवून पात्रात घातलं. रंगा खाली मान घालून खात होता. त्या त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, स्वतः कोरड्या तोंडानं.

मामंजी केव्हा दारात आले कळलं नाही. त्यांनी बरंच ऐकलं असावं.

"अक्का, माझं पुण्य तू मांजराला मक्त्यानं दिलंस?"

"तू करत होतास काय? उपमा चापत होतास. तुझ्याहून तो बरा, चकार शब्द काढला नाही."

"मारला असतास ना त्याला."

"मारला असता," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मग आता तुझं कोण करणार रे, मुकुंदा?"

थट्टा संपली होती. व्रत सुटल्याचं मामंजींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण एकादशीला उपमा खाताना ते ताटावरून मान वर करत नसत, ते मी पाहिलं होतं.

"मी करीन," मी म्हणाले.

"तुला शाळा," आत्याबाई म्हणाल्या.

"शाळेत बसूनही शिकवता येतं."

"तुझा विश्वास आहे का एकादशीवर?"

खोटं बोलायचं नव्हतं. "रंगाचा होता का?" मी विचारलं.

मामंजी हसले, ते खोकला लागेपर्यंत. आत्याबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग नुसतं "बरं" म्हणाल्या आणि रंगाचं पात्र उचलायला वाकल्या. ज्या बाईनं मला दारातून बाहेर जाऊ दिलं, तिच्यासाठी पंधरवड्यातून एक दिवस न जेवणं मला जड नव्हतं. हे त्यांना कळलं असावं.

"अंबुजा," मामंजी म्हणाले, "पाणी उकळतंय का?"

"नाही. ठेवते."

"ठेव. पण आधी उपमा आण. रिकाम्या पोटी टोचशील आणि मलाही गूळ चोळत बसशील."

मी सुई उकळायला ठेवली आणि रवा भाजायला घेतला. आत्याबाईंनी मला बाजूला सारलं, म्हणाल्या, तुझी आजपासून एकादशी, तू चुलीपाशी वास घेत बसू नकोस. मामंजींनी ताटलीतलं सगळं खाल्लं. मग बाही वर केली.