दात न आलेली पिल्लं

"अठरा पिल्लं मेली, मावशी! दाणे टाकायला हात झिजत होते का तुमचे?"

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर उंदीरघराच्या दारातूनच ओरडत होते. सव्वीस वर्षं मावशींनी इथले पिंजरे धुतले होते, पिल्लं वाढवली होती.

"दाणे टाकलेत सर. तसेच पडलेत. आत येऊन बघा तरी."

"मला शिकवू नका."

दुपारी मेमो आला : कामात हलगर्जीपणा. मावशींनी तो दोनदा वाचला. मग उरलेल्या पिल्लांतलं एक उचलून अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. बावीस दिवसांचं, आईच्या दुधावरून तोडलेलं पिल्लू, आणि हिरड्या गुळगुळीत. शेजारच्या पिंजऱ्यातल्या साध्या पिल्लांचे दात तर केव्हाच वर आले होते.

पिल्लू मुठीत धरून त्या थेट सरांच्या खोलीत शिरल्या.

"ह्याला दातच नाहीत. दगडासारखे दाणे कशानं खाईल? ओठांनी?"

सरांनी पिल्लू दिव्याखाली धरलं. स्वतः त्याचा ओठ वर करून बघितला. हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायला लागणारं एक जनुक त्यांनी या उंदरांमध्ये बंद केलं होतं. हाड झिजून वाट देईना, म्हणून दात जबड्यातच गाडले गेले होते. उपाशी पिल्लांच्या तोंडात कुणी बघितलं नव्हतं, एवढंच.

मावशींनी दाणे कुटून कोमट पाण्यात भिजवले. उरलेली अकरा पिल्लं जगली.

वर्षभरानं त्यावरचा शोधनिबंध छापून आला. सभागृह भरलं. पडद्यावर पिल्लाचा जबडा मोठा करून दाखवत सर म्हणाले, "तेव्हा आमच्या लक्षात आलं, की यांना दात येतच नाहीत."

"कुणाच्या?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी दाराशी उभ्या होत्या.

"कुणाच्या लक्षात आलं, सर? मला तर मेमो दिलात. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या मेमोनं माझी बढती अडली."

"मावशी, आपण नंतर बोलू."

"वर्षभर नंतरच चाललंय."

"अहो, निबंधात शेवटी कर्मचाऱ्यांचे आभार मानलेत."

"आभार ठेवा तुमच्याकडेच. मेमो चुकीचा होता, एवढं लिहून द्या. आत्ता."

मग पहिल्या रांगेतल्या एका संशोधक मुलीनं उठून सरांपुढे कोरा कागद ठेवला. सरांनी ओठ आवळून दोन ओळी खरडल्या.

मावशींनी त्या उभ्यानंच वाचल्या. कागद परत पुढे केला.

"'गैरसमजातून' नाही, सर. 'न तपासता'."

सरांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला, सही केली.

टाळ्या वाजल्या नाहीत. मावशी जिना उतरून तडक आवक-जावकच्या खिडकीशी गेल्या. कारकुनानं कागदावर पोचेचा शिक्का मारला. तो पुसट उमटला.

"पुन्हा मारा," मावशी म्हणाल्या. "जोरात."