नवरदेवाला काय लागलं

साईदादाच्या हळदीत मी खरं बोललो. चूक एवढीच.

मानपाड्याला क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीत मी लॅबमध्ये आहे. साखरपुड्याला दादाच्या तोंडावर पुटकुळ्या आलेल्या, म्हणून हळद कालवायला मी जोजोबाचं तेल आणलेलं. सवाष्णींनी दादाला हळद लावली, उरलेली उष्टी हळद वाटीत भरली. ती नौपाड्याला पोचल्याशिवाय अमृतावहिनीला हळद लागणार नव्हती, आणि वहिनी तिकडे केव्हाची पाटावर बसलेली.

गोदूआत्याने बोटं चोळत विचारलं, "कुंड्या, कसलं रे हे तेल? चिकटत कसं नाही?"

"आत्या, तसं बघितलं तर हे तेल नाहीच. मेण आहे, पातळ. झाडाच्या बियांतून निघतं."

आत्याने वाटीवर ताटली झाकली.

"म्हणजे माझ्या भाच्याला तेल लागलंच नाही?"

"बाटलीवर तेल लिहिलंय," दादा म्हणाला. त्याच्या एका डोळ्यात हळद गेलेली.

"बाटलीवर काहीही लिहितात," मी म्हणालो.

भटजींना फोन लावला. ते म्हणाले, वात लावून बघा, पेटली तर तेल. वात पेटली. सगळ्यांना हायसं वाटलं.

"मेणबत्तीपण पेटते," मी म्हणालो.

भटजींना दुसरा फोन यायला लागला.

मग वहिनीचाच फोन आला. "साई, मी उठू का? पायाला मुंग्या आल्यात."

"बस गं जरा," दादा म्हणाला. "मला काय लागलंय ते ठरतंय."

आत्याने निकाल दिला. परत हळद, खोबरेल तेलात. आईने बाटली आणली. जानेवारीतली सकाळ, खोबरेल थिजून पांढरं झालेलं. आत्याने बाटली उलटी धरली, थेंब पडला नाही. जोजोबाची उलटी केली, धार लागली.

"यातलं मेण कुठलं?"

"धार लागली ते."

"आणि हा गोळा?"

"तेल."

आत्या खाली बसली. एकदा ही बाटली, एकदा ती. मी बीएस्सी आहे, पण मलाही खात्री वाटेना.

"आपल्या घरात," शेवटी ती म्हणाली, "वाहतं ते तेल. आणि नौपाड्यात तू तोंड उघडलंस तर बघ."

मी नाही उघडलं. वहिनीच्या प्रभाकरकाकांनी उघडलं. ते कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. हळद बोटावर चोळून म्हणाले, "जोजोबा का? वा. गंमत म्हणजे याला तेल म्हणतात, पण खरं तर हे..."

आत्याने मूठभर हळद त्यांच्या गालांना लावली, मग ओठांना, ओठ मिटेपर्यंत. मुलीकडच्या बायकांना वाटलं, मुलाकडची पद्धत असेल. त्यांनी बाकीच्या काकांनाही लावली. वहिनीसाठी वाटीत चिमूटभर उरली.

"थांबा, वाढवते," वहिनीची आई म्हणाली आणि आत गेली.

बराच वेळ आली नाही. मी डोकावलो. ती ओट्यापाशी खोबरेलची बाटली उलटी धरून उभी होती.