कापलेल्या बागेतली स्तोत्रं

शहाण्णव सालच्या नाताळाच्या तोंडावर कुणीतरी अंजना आवळेची द्राक्षबाग कापली. तासगावच्या रस्त्याला लागून तिचं एकरभर रान. नवरा फौजेत होता. तो वारल्यावर बाग तिनं एकटीनं उभी केली होती. मण्यांत नुकतं पाणी भरत होतं. सकाळी रानात गेली तर घड जागच्या जागी लोंबत होते, पानं मात्र मलूल. वाकून बघितलं, तर एकूण एक वेल बुडातून तोडलेला.

पंचनामा झाला. गाव भेटायला आलं. हंबीररावअण्णाही आले. त्यांना आपल्या बेदाण्याच्या शेडकडे तिच्या रानातून वाट हवी होती आणि तिनं ती दिली नव्हती. तरी बांधावर बसून ते हळहळले. धाकटा दीर सयाजी तर हमसून हमसून रडला. पण कुणी केलं म्हणून विचारावं, तर जो तो गप्प.

नाताळची उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "अंजनाबाई, सणाचे दिवस आहेत. ज्यानं केलं त्याला क्षमा करा."

"कुणाला करू, साहेब? तोंड तर दिसू दे. अंधाराला क्षमा करत्यात व्हय?"

"मग प्रार्थना तरी करा."

"करणार हाय. पण घरात बसून न्हाई."

त्या दिवसापासून माणसं रानातून परतायच्या वेळेला ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन वाळल्या बागेत, एसटी थांबते तिथं, रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. दाविदाची स्तोत्रं खड्या आवाजात वाचायची. जिभेला धार लावणाऱ्यांची, आडोशाला दडून निरपराध्यावर नेम धरणाऱ्यांची. वाचून झालं की पुस्तक मिटून आपल्या बोलीत सुनवायची, "देवा, ही दडून बसल्यात. आपल्याला कोण बघतंय, म्हणत्यात. तू बघतुयास. वढून आण त्यास्नी उजेडात! तवर मी रोज हितं येऊन तुला इचारीन."

देवालाच दम भरणारी बाई बघून आधी लोक हसले. मग एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून ऐकू लागली. हंबीररावांच्या शेडमधल्या बायका वाट वाकडी करून यायच्या. त्यात यमाईचे उपास धरणाऱ्या होत्या, विहारात जाणाऱ्याही होत्या. डोक्यावर पदर घेऊन सगळ्या ऐकायच्या.

सयाजीचं मात्र अन्न तुटलं. "वैनी, पुरं करा आता. लोक काय म्हणत्यात?"

"लोक आमेन म्हणत्यात, भावजी."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी, दडणाऱ्यांची जीभ त्यांच्यावरच उलटेल, अशा ओळीवर ती आली होती. इतक्यात गर्दीतून सयाजी ओरडला, "माझ्याकडं बघून का वाचताय?"

अंजनानं पुस्तकातून डोळेसुद्धा उचलले नव्हते.

"मी एकटाच व्हतो का? अण्णांनी पैसं दिलं, कोयतं दिलं! त्यांची माणसं व्हती!"

बोलून गेला आणि त्यानं तोंडावर हात दाबला.

अंजनानं मागितलं ते मिळालं होतं. पण समोर आलेलं तोंड घरातलं निघेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा हा सयाजी तिच्या ताटात जेवायचा. पुस्तक मिटावं आणि घरी जाऊन दार लावून घ्यावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती रस्त्यावर आली.

"भावजी, हेच ठाण्यात सांगायचं. आत्ता."

"अण्णा जित्ता सोडतील का मला?"

"मी हाय संगट. चला."

शेडमधल्या बायकाही त्यांच्याबरोबर एसटीत चढल्या.

हंबीररावांना पोलिसांनी धरून नेलं. त्यांच्या शेडवर दुसऱ्या दिवशी एकही बाई गेली नाही; जामिनावर सुटून ते पारावर बसले की माणसं उठू लागली. मग त्यांचा निरोप आला, नुकसान भरून देतो, केस मागं घ्या. पाळकसाहेबही चाचरत म्हणाले, "आता तरी मन मोठं करा."

"भावजीला भाकरी घालतीया, साहेब. तेवढं मोठं झालंय. अण्णांचं देव आणि कोर्ट बघंल."

निकाल लागेपर्यंत वर्षं गेली. दर तारखेला ती सकाळच्या एसटीनं सांगलीला गेली, आणि माफीचा साक्षीदार झालेल्या सयाजीला आपल्या शेजारी, खिडकीच्या बाजूला बसवून घेऊन गेली.