बिनसिमेंटचा खुबा

आमचे दादा, माझे वडील, दवाखान्यात सिमेंटची गोणी घेऊन आले. चेष्टा नाही. परभणीत, डॉक्टर चिद्रवारांच्या दवाखान्यात, भर सकाळी, ऑटोतून.

झालं असं की आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण वच्छलाबाई, कारखान्यावर उसाच्या गाडीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, मोडका गोळा काढून पोलादी बसवू. त्याचा दांडा मांडीच्या हाडात ठोकायचा, सिमेंट लागणार नाही. आता आमच्या ताडकळसात बिनसिमेंटचं बांधकाम म्हणजे मातीतलं, एका पावसात खचणारं. दादांना वाटलं, सिमेंट सरकारी परमिटवरच मिळतंय म्हणून डॉक्टर वाचवायलेत. कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांनी एक गोणी मिळवली आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करीनात, अडून बसले.

"आधी शिमिट घाला, डॉक्टरसाहेब. माझ्या बहिणीला जलमभर खाटेवर पडायचं न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत, हे मला लय आवडलं. म्हणाले, "हाडाचं सिमेंट वेगळं असतं, आप्पाराव. आणि यांना ते लागेल असं वाटत नाही."

यंदा वक्तृत्वात नंबर आल्यापासून माझी जीभ सुटलीये. मी विचारलं, "पण पक्कं बसलं हे तुम्हाला आत कसं कळणार?"

त्यांनी तसला एक नमुन्याचा दांडा माझ्या हातातच दिला. "ठोकताना आवाज ऐकायचा. सैल असला की भद्द वाजतो, आवळत गेला की टणक. मग गोळा धरून पिळायचा, ओढून बघायचं. केसभर जरी फिरला तरी काढून दुसरा."

मी दादांकडं वळले. "दादा, कोयता मुठीत ठोकूनच बसवता न्हवं? तितं तुमी शिमिट भरता का?"

खाटेवरून आत्या म्हणाली, "आप्पा, पोरीनं बोलती बंद केली तुझी. कर सही. आन ती गोणी उचल हितून, लोक मला भिंत समजायलेत."

दादांनी सही केली. गोणी दवाखान्याच्या हौदाच्या कामाला गेली.

ऑपरेशनला आत्याची फक्त कंबरेखालची बाजू बधिर केली होती, ती जागीच होती. दार प्लायवूडचं. बाहेर बाकावर आम्हाला घाव न् घाव ऐकू येत होता. भद्द, भद्द. मग आवाज हळूहळू आवळत गेला. दादा म्हणाले, "बसलं."

आणि आत एकदम शांत. मग काहीतरी उलटं ठोकल्याचा आवाज, आणि परत पहिल्यापासून भद्द.

दादा उठलेच. "हाड फुटलं असंल. मी आत जातो."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. हाड फुटलं असतं तर आत्या परत उभी राहिली नसती, एवढं मलाही कळत होतं.

"बसा, दादा. दांडा फिरला असंल म्हणून काढला. काढला म्हंजे डॉक्टर बोलल्यासारखं करायलेत."

"तुला काय कळतंय गं?"

मी उत्तर द्यायच्या आत आतून आत्याच ओरडली, "काढा, काढा. घट्टच बसवा. मला काई गडबड न्हाई."

दादा खाली बसले.

मग जो आवाज आला तो निराळाच. आडाच्या तळाला पहार खडकावर बसावी तसा. तसाच परत. मग काहीच नाही.

"आता पिळून बघायलेत," मी हळूच म्हणाले. दादांनी माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही.

डॉक्टर बाहेर आले. दादा पुढं झाले, पण डॉक्टर बोलले माझ्याकडं बघून. "पहिला जरासा फिरत होता. जाड दांड्याचा घातला. अख्खा जोर लावून पिळला, ओढला, पण हलेना."

टाके निघायच्या आधीच नर्सबाईंनी आत्याला वॉकर देऊन उभं केलं. दादा तिच्या काखेत हात घालायला गेले, तर तिनं फटका मारला.

"सोड रे. डॉक्टरनं पिळून बघितलाय, तू आता काय बघतो?"

आणि ती चालली. व्हरांड्यापर्यंत. वाटेत वॉर्डातल्या प्रत्येक बाईपाशी थांबून सांगत, "ही माझी भाची. बाप आत घुसायलता, हिनं दार धरलं."

मी लाजले वगैरे नाही. मान ताठ करून तिच्या शेजारून चालत राहिले.